गाळणीचा सूर

मिरीची मूठ उघडायला तिच्या बापाला बरीच मनधरणी करावी लागली. रांगायला लागल्यापासून पोर हाताला येईल ते तोंडात कोंबायची, आणि एकदा धरलेलं सोडायचं नाही हा हट्ट तिने कुणाकडून उचलला यावर घरातल्या तीन मोठ्या माणसांची तीन मतं होती. शेवटी एकेक बोट उलगडलं, तेव्हा तळव्यात नखाएवढा तारेचा तुकडा निघाला. चकचकीत, टोकाला अणकुचीदार.

तो कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. घरात तसल्या तारा एकाच ठिकाणी तोडल्या जायच्या: मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. आणि ते टेबल मिरीच्या आईचं होतं.

त्या टेबलावर ती एक वाद्य बांधत होती. मॉड्युलर सिंथेसायझर हे त्याचं भारदस्त नाव. तयार मिळत नाही असं नाही, पण हिला ते स्वतःच्या हाताने करायचं होतं. एकेक भाग सुटा, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि कुणाचा आवाज कुणाकडे न्यायचा ते वायरी खुपसून आपण ठरवायचं. आज असं, उद्या तसं. घरात त्या भागांना लाडकी नावं पडली होती. आवाज काढणारा ऑसिलेटर तो ‘गवई’. त्याच्या आवाजातली चरचर काढून टाकणारी ती ‘गाळणी’. आवाज सोडणारं आणि अडवणारं ते ‘दार’. आणि सगळ्यांना संथपणे वरखाली हलवत ठेवणारा ‘पाळणा’. गवयाने गायचं आणि बाकीच्यांनी त्या गाण्याची उस्तवार करायची, अशी सगळी योजना. योजनाच म्हणायची, कारण ही मंडळी एकत्र अशी अजून एकदाही वाजली नव्हती. नवरा त्या सगळ्याला ‘आपलं न वाजणारं’ म्हणायचा.

म्हणायचा ते मात्र प्रेमाने. तो कवळ्या तयार करणाऱ्या कारागिरांच्या खोलीत कामाला होता, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानेच हिला वाद्याच्या फिरवायच्या खुंट्या करून दिल्या होत्या, कवळीच्या हिरड्या ज्या मसाल्याच्या करतात त्याच मसाल्याच्या. सगळ्या खुंट्या गुलाबी, ओलसर दिसणाऱ्या. सासूबाईंनी पहिल्यांदा ते बघितलं आणि म्हणाल्या होत्या, “हे वाजायच्या आधी चावेल.”

तर तारेचा तो तुकडा नवऱ्याने बायकोच्या तळहातावर ठेवला. ओरडला नाही. ओरडला असता तर तिलाही ओरडता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, की मिरी जरा मोठी होईपर्यंत हे सगळं माळ्यावर ठेवूया. तात्पुरतं.

माळ्यावर ‘तात्पुरतं’ काय काय गेलं होतं ते तिला ठाऊक होतं. सासरे होते तेव्हा त्यांनी चढवलेली माशांची काचेची पेटी, तात्पुरती. नवऱ्याची बुद्धिबळाची पुस्तकं, तात्पुरती. त्या माळ्याला शिडी फक्त वर जाण्यापुरतीच होती जणू. पण तळहातावर तो तुकडा टोचत होता.

“रविवारपर्यंत थांब,” ती म्हणाली. “रविवारपर्यंत हे गायलं, तर टेबल राहील, आणि मिरीचा हात पोचणार नाही अशी सोय मी करेन. नाही गायलं, तर शिडी मीच धरते.”

नवऱ्याने मान डोलावली. सासूबाई पलंगावर बसून मिरीच्या मोज्यांच्या घड्या करत होत्या. त्या कुणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. त्यांनी अख्खा जन्म टेलिफोनच्या कचेरीत दोऱ्यांच्या बोर्डासमोर काढला होता, इकडची दोरी तिकडे खुपसून गावोगावची माणसं जोडून दिली होती, त्यामुळे दोघांच्या मध्ये बोलायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. उठताना मात्र टेबलावरच्या वायरींच्या गुंताड्याकडे बघून म्हणाल्या, “एवढ्या दोऱ्यांत आम्ही अख्खं गाव बोलतं केलं असतं. तुझ्याकडे एकालाही कंठ फुटत नाही.”

मग सुरू झाली ती मिरीच्या झोपेवर चालणारी लढाई. मिरी दुपारी झोपायची तो वेळ हिचा. कधी तो वेळ चांगला घसघशीत असायचा, कधी तारा जोडायला डाग द्यायची, सोल्डरिंगची सळई तापेपर्यंतच संपायचा. सळई तापली की आतून आवाज यायचा, “आऽऽ,” आणि ही सळई खाली ठेवून पोरीला उचलायची. परत झोपवून येईपर्यंत हातातल्या वायरीचं दुसरं टोक कुठे जायचं होतं तेच विसरलेलं असायचं. नोकरीत ती वजनकाटे तपासायची, केसाएवढा फरक पकडणारी म्हणून तिचं नाव होतं. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि आपलं डोकं कुणीतरी मऊ कापसात गुंडाळून ठेवलंय असं तिला वाटायचं. तरी काम पुढे सरकत होतं. गाळणी ठाकठीक झाली. पाळणा आधीच झुलत होता, त्याचा छोटा दिवा हळूच उजळायचा, हळूच विझायचा. दार उघडत-मिटत होतं. राहिला एकटा गवई, आणि त्याचेही शेवटचे डाग शुक्रवारी देऊन झाले.

शनिवारी दुपारी मिरी झोपलीच नाही. हिरड्या शिवशिवत होत्या, कडेवरून खाली उतरायला तयार नाही. म्हणून पोरीला कडेवर घेऊनच ती टेबलाशी आली. गवयाला वीज द्यायची चपटी पट्टीसारखी वायर तेवढी लावायची राहिली होती. त्या पट्टीच्या एका कडेला लाल रेघ असते, आणि ती रेघ खालच्या बाजूला यावी लागते. हे वाद्य बांधणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो पहिल्यांदा हेच सांगेल. तिने ती रेघ बघितली. खाली आहे हे बघितलं. तेवढ्यात मिरीने तिच्या केसांना हिसडा दिला, मान वळली, हात बदलला, आणि एका हाताने चाचपून तिने पट्टी दाबली.

बटण दाबल्यावर आवाज काही आला नाही. वास आला. जळक्या, गोडसर, घशात बसणाऱ्या वासाची एक बारीक रेघ वर निघाली. तिने बटण बंद केलं तोवर गवयाच्या छातीतल्या काळ्या चिपेवर फोड आला होता. लाल रेघ वर होती.

मिरीने नाक मुरडलं आणि शिंकली.

तशी चिप शहरात एकाच दुकानदाराकडे मिळायची. तिने फोन लावला. तो म्हणाला, मागवावी लागेल, महिना तरी धरा. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, जिना चढून वर आल्यावर किल्ली खालीच राहिली हे कळावं तसं. मग तिने आतून रिकामी खोकी आणली.

सासूबाई वासानेच येऊन दारात उभ्या होत्या. मिरीला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं, टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “भर. मी दोऱ्या बघते.”

तिने जळलेला गवई सोडवून बाजूला ठेवला. त्याच्याबरोबर आणखी कोण गेलं ते बघायला बाकीच्यांची वीज पुन्हा चालू केली. पाळण्याचा दिवा उजळला, विझला. दार शाबूत होतं. गाळणीला स्पीकर जोडलेला होता, त्यातून बारीक खरखर येत होती; म्हणजे तीही जिवंत होती. जिवंत असून करते काय, हा प्रश्न होता. गाळायला काही नको का? गाळणीला स्वतःचा आवाज नसतो, हे ती सगळ्यांना सांगत आली होती. काही गाळण्या फार ताणल्या की किंचाळतात असं तिने वाचलं होतं, पण ही मुद्दाम मवाळ जातीची निवडलेली. घरात तान्हं बाळ, म्हणून.

सासूबाईंनी वायरींचा गुंता सोडवायला घेतला. मोडक्या दोऱ्या माळ्यावर चढवून काय उपयोग, असं त्या पुटपुटत होत्या. त्यांच्या कचेरीत सकाळी पाळीवर बसलं की पहिलं काम दोऱ्या तपासायचं. दोरीची दोन्ही टोकं आपल्याच चौकटीतल्या भोकांत खुपसायची. कानात टिक् झालं की दोरी चांगली. कुणालाही जोडून द्यायच्या आधी दोरी अशी स्वतःपाशी फिरवून बघायची. हात ते विसरले नव्हते. सासूबाईंनी पहिली वायर उचलली, एक टोक गाळणीच्या एका भोकात घातलं आणि दुसरं टोक तिच्याच दुसऱ्या भोकात.

वाद्य बांधणारं कुणी सहसा असं करत नाही. तिने ते बघितलं आणि थांबवायला तोंड उघडलं. तेवढ्यात मिरीने मांडीवरून झेप घेऊन गाळणीची गुलाबी खुंटी धरली. शिवशिवणाऱ्या हिरड्यांना तसंच काहीतरी हवं होतं. खुंटी निघेना, म्हणून मिरीने ती पिळली.

आणि खोलीत एक सूर उभा राहिला.

गोल, स्वच्छ, कुठेही खरबरीत नसलेला. बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर मारल्यासारखा. मिरीने हात झटकला तशी खुंटी उलट फिरली, सूर घरंगळत खाली आला आणि तिथेच टिकून राहिला.

“दोरी चांगली आहे,” सासूबाई म्हणाल्या.

ती टेबलाशी वाकली. गाळणीतून बाहेर पडलेलं सगळं त्या दोरीने पुन्हा गाळणीतच येत होतं. तीच खरखर फिरून फिरून गाळली जात होती, आणि गाळता गाळता शेवटी एकच सूर उरत होता. तो सूर गाळणीचा स्वतःचा होता. तिने वायर काढली, सूर गेला. घातली, परत आला.

“आई, खोकी बाजूला करता का जरा?”

“मांडीवर पोरगी आहे माझ्या,” सासूबाई म्हणाल्या, आणि पायाने ढकलून खोकी बाजूला केली.

उरलेली दुपार कशी गेली ते कुणालाच कळलं नाही. तिने पाळणा गाळणीला जोडला, तसा सूर झोके घेऊ लागला. दाराने तो कापायला सुरुवात केली आणि त्याचे थेंब पडू लागले. खोली तापली तसा सूर कणाकणाने वर सरकायचा आणि तिला खुंटी मागे घ्यावी लागायची, केसाएवढी. आणि तो केसाएवढा फरक बोटांना ओळखू येत होता. कापूस कुठे गेला कोण जाणे. सासूबाई मागेल ती वायर सोडवून हातात देत होत्या. मिरी थोडा वेळ तोंड उघडं टाकून ऐकत बसली, मग सूर वर जाईल तशी “ऊऽऽ” करत आपणही वर जाऊ लागली, आणि मधेच केव्हातरी आजीच्या खांद्यावर लाळ गाळत झोपून गेली. दिवसभर न झोपलेली पोर.

संध्याकाळी नवरा आला तो दारातच उभा राहिला. पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर जळलेली चिप बोटावर घेऊन त्याने निरखली. मग जरा संकोचूनच म्हणाला, “पण हे चुकून वाजलं ना? गवई तर गेला.”

उत्तर सासूबाईंनी दिलं. जन्मभर कुणाच्या बोलण्यात न पडलेल्या बाईने पहिल्यांदा मध्ये तोंड घातलं.

“अट गाण्याची होती. कोण गातंय याची नव्हती.”

नवऱ्याने आईकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याचे डोळे हसले, पण तो लगेच गंभीर झाला. तारेचं काय, त्याने विचारलं. वाजलं म्हणून तार टोचायची थांबत नाही.

“नाही थांबत,” ती म्हणाली. “तुझं त्या दिवशी बरोबर होतं. म्हणून हे टेबलावर राहणारच नाही. भिंतीवर जाईल.”

सासूबाईंचा बोर्ड उभा असायचा, हे तिने आजच दुपारी त्यांच्याकडून ऐकलं होतं. डोळ्यांसमोर भोकं, खाली काही नाही. आणि डाग द्यायचं काम खोलीचं दार लावून. नवऱ्याने थोडा विचार केला, आणि भिंतीवर बोटं टिचकावून ती पोकळ आहे की भरीव ते बघू लागला. तिला उत्तर कळलं.

रविवारी त्याने दोन फळ्या ठोकल्या, मिरीच काय, मिरी आणखी दुप्पट झाली तरी पोचणार नाही एवढ्या उंचावर. कामावरून तो दांडीला बसवलेलं एक लोहचुंबक घेऊन आला होता. तिथे तारांची टोकं उडतात ती असल्या चुंबकाने गोळा करतात. त्याने ते जमिनीवरून फिरवलं. पलंगाखालून, कपाटामागून, टेबलाच्या पायांजवळून टिक् टिक् करत तारांची लोखंडी टोकं त्याला येऊन चिकटली. बरीच निघाली. ती बघून तिने मान खाली घातली. त्याने दांडी तिच्या हातात दिली, आता हे तुझं म्हणून.

टेबल तिथेच राहिलं. गवयाची रिकामी जागा फळीवर तशीच मोकळी सोडली. महिन्याने यायचा तर येऊ दे. तोवर गाळणी होती.

सगळं जोडून झालं तेव्हा तिने आधी जमिनीवर चुंबक फिरवलं, मग मिरीला सतरंजीवर ठेवलं. सासूबाई पुढे झाल्या, बोर्डासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि एक वायर उचलली. घरातल्यांनी कधी न ऐकलेल्या, जुन्या नोकरीतल्या आवाजात त्यांनी सुनेला विचारलं, “कुठून कुठे?”

“गाळणीतून गाळणीत.”

“जोडून देते. थांबा.”

सुनेला त्यांनी अहोजाहो केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. नवरा हसू दाबत मिरीशेजारी सतरंजीवर बसला. वायरीची दोन्ही टोकं आपापल्या भोकात गेली.

“बोला,” सासूबाई म्हणाल्या.

तिने गुलाबी खुंटीला हात घातला.