मल्लम्माच्या मताची पेटी

मी पत्र्याची मतपेटी बोलतेय, देगलूरच्या गोदामातून. आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे.

एके काळी गावंच्या गावं माझ्यापुढं रांगेत उभी राहायची. मग ते मतदान यंत्र आलं. त्याला बंदूकधारी पहारा, त्याच्या खोलीला दोन-दोन कुलपं. माझ्या डोक्यावर मात्र खराटे ठेवायला लागले. निवडणुकीत ते जीपमधून दिमाखात निघायचं आणि मी अंधारात जळफळायची.

यंदा मला पुसून बाहेर काढलं. ज्या म्हाताऱ्यांना केंद्रावर जाणं होत नाही, त्यांची टपाली मतं घरी जाऊन घ्यायची होती. माझ्या झाकणाला लाखेचं सील लागलं, फक्त पाकिटापुरती फट उघडी. यंत्राच्या खोलीसमोरून मला मुद्दाम ऐटीत न्यावं, असं फार वाटलं.

पथकाच्या प्रमुख शिवकांता मॅडम, शाळेतल्या बाई. सोबत एक पोलीस, एक कॅमेरावाला. आम्ही मल्लम्माकडं गेलो. नव्वदीची बाई, खाटेवर बसलेली, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. मुलगा उमाशंकर आडत्या, शिवाय एका पक्षाचा गावातला पुढारी. त्यानं सरळ मतपत्रिकेला हात घातला.

"द्या हिकडं. आईला काय कळतंय? आमच्या घरची मतं मीच ठरवतो."

"बेड!" मल्लम्मा कानडीत कडाडली. नको म्हणजे नको. "मला दिसतंय बी, कळतंय बी. तू भाईर हो."

"अगं, पण..."

"आधी तुझा बाप सांगायचा, मग तू. आता एकदा माझं मी करते."

"मदतनीस त्यांनी मागितला तरच मिळतो," शिवकांता मॅडम म्हणाल्या. "त्या मागत नाहीत. चला बाहेर."

उमाशंकर पाय आपटत गेला. पुठ्ठ्याच्या आडोशाला मल्लम्मानं खूण केली. कॅमेऱ्याला फक्त तिची पाठ दिसली. मतपत्रिका छोट्या पाकिटात गेली. ते पाकीट आणि 'मतदार मीच' असं सांगणारा तिच्या सहीचा कागद मोठ्या पाकिटात. मोजणीला सही तपासून आतलं पाकीट वेगळं काढतात. मग कुठलं मत कुणाचं, हे कुणालाच कळत नाही. तिनं पाकीट माझ्या पोटात सोडलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. यंत्राला असं कुणी थोपटतं का?

"कुणाला दिलंस?" उमाशंकरनं दारातूनच विचारलं.

"पेटीला इचार," मल्लम्मा म्हणाली.

मी कशाला सांगते!

निघताना तिची सून सुकन्या आमच्यामागं अंगणापर्यंत आली. नवरा ऐकत नाही ना, हे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, माझं मत बी असं घरीच घेता का? समद्यांना भाईर काढून?"

"तुम्हाला केंद्रावर यावं लागेल, ताई. पण तिथंही आडोशाला तुम्ही एकट्याच. नवऱ्याला तिथं येता येत नाही."

"खरंच?"

"खरंच."

मतदानाच्या दिवशी सुकन्या गेली. आडोशाला बराच वेळ उभी होती म्हणे, आणि पदराआड हसत बाहेर आली. तिचं पहिलं स्वतःचं मत त्या मेल्या यंत्राला मिळालं.

मी पुन्हा गोदामात आहे. पहारा त्यालाच ठेवा, कुलपंही त्यालाच घाला. पण बायांनो, तेवढं एक मत मला हवं होतं!