दोन कुलपांची खोली

धाकट्या बहिणीचं दूध बाळाला पुरेनासं झालं, पाण्यात कालवायचं डब्यातलं दूध सुरू केलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्यावरून वाद सुरू झाले.

आई पातेलं गॅसवर चढवायची. "चांगलं खळखळून उकळते. उकळलं की सगळं मरतं."

"आई, नायट्रेट मुळात जिवंतच नसतं, मरेल कसं? उलट पाणी आटलं की ते जास्त दाट होतं."

"तुझी प्रयोगशाळा प्रयोगशाळेत ठेव. तुम्हा दोघींना नळाच्याच पाण्यावर वाढवलंय मी."

ते खरं होतं. पण त्या नळात आमच्या विहिरींच्या पाण्याबरोबर डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मिसळलेलं असायचं, आणि ते आता बंद होण्याची चिन्हं होती. आमच्याकडच्या शेतांत वर्षानुवर्षं खत पडत आलंय, त्यातलं नायट्रेट झिरपून विहिरींत उतरलंय. मोठ्या माणसाला त्याचं फारसं काही होत नाही. काही महिन्यांच्या बाळाचं रक्त मात्र त्यामुळे प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि ओठ निळे पडतात. मी पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ आहे. हे वाक्य मी अहवालात अनेकदा लिहिलं होतं. आपल्या घरातल्या पाळण्याकडे बघत ते मनात म्हणणं वेगळं असतं.

डोंगर सीमेपलीकडे आहे. त्यांच्या झऱ्याचं पाणी उपसणारा पंप आमच्या विजेवर चालतो. लढाई थांबली तेव्हा मधल्या मोकळ्या पट्ट्यात एक लहानशी खोली उरली. तिथं दोन्हीकडचे पाइप येऊन मिळतात, आणि मधे एक मोठी झडप आहे. दाराला दोन कुलपं, एक त्यांचं, एक आमचं. दर मंगळवारी इकडून मी जायची, तिकडून त्यांचे एक वयस्कर अभियंते यायचे. निळ्या टोप्यांचे परदेशी शिपाई आम्हाला आपापल्या फाटकातून आत न्यायचे, एक पुढं, एक मागं. झडपेचं चाक फिरवून पाणी सोडायचं, नमुने घ्यायचे, बाहेर पडायचं. शिपायांसमोर आम्ही एकमेकांना हुद्द्यानं हाक मारत असू. खोलीचं दार लागलं की ते माझे काका व्हायचे.

आता निळ्या टोप्या परत चालल्या होत्या. कुठल्याशा दूरच्या सभागृहात मुदत वाढवायला पुरेशी मतं मिळाली नाहीत. दोन्हीकडच्या सरकारांनी आनंदच व्यक्त केला. स्वतंत्र देशाला परक्या पहारेकऱ्यांची गरज काय, असं दोन्ही रेडिओ जवळजवळ त्याच शब्दांत म्हणाले.

"बरोबरच आहे," धाकटीचा नवरा म्हणाला. "आपल्या विहिरी असताना त्यांच्या डोंगराकडे तोंड वासून बसायचं? उद्या त्यांनी बंद केलं तर?"

"आपण वीज बंद केली तर त्यांचंही बंदच होईल की."

"तेच म्हणतोय, ताई. दोघंही एकमेकांच्या हातात सापडलेत. ही काय सुरक्षा झाली?"

 बाळ त्याच्या मांडीवर होतं, आणि त्यानं बापाचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं.

निळ्या टोप्यांच्या कॅप्टननं जाताजाता दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. एका मंगळवारी मी आणि काकांनी शिपायांच्या सोबतीशिवाय जायचं. दोघं नीट आत गेलो, झडप उघडली, आणि दोघं नीट आपापल्या फाटकाशी पोचलो, तर खोली चालू राहील. मधेच कुणी एकटं मागं फिरलं, किंवा पट्ट्यात कुणी एकटं थांबलं, तर चाचणी फसली. मग झडप बंद, आणि दार वेल्डिंग करून कायमचं बंद. वेल्डिंगचं यंत्र आमच्या आवारात आधीच येऊन उभं होतं. ताडपत्रीसुद्धा घातली नव्हती त्याच्यावर.

त्या मंगळवारी सकाळी मी फाटकातून निघाले. कॅप्टन लांब मनोऱ्यावर नुसता उभा होता. समोरून काका येताना दिसले. पांढरे केस, खांदे जरा पुढं झुकलेले. आम्ही एकाच वेळी दाराशी पोचलो. दोन्हीकडच्या चौक्यांच्या गच्च्यांवर बंदुका होत्या, पण खाली वळवलेल्या.

"उघडा, काका. आधी तुमचं कुलूप."

त्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाचा खिसा चाचपला, जिथं किल्ली मावलीच नसती.

"ट्रेमध्ये राहिली," ते म्हणाले.

मला हसू येणार होतं. मग माझा हात आपोआप माझ्या खिशाकडे गेला, आणि हसू आलं नाही.

पट्ट्यात धातूची वस्तू न्यायची नाही, हा इतक्या वर्षांचा नियम. फाटकाशी आलं की किल्ली ट्रेमध्ये टाकायची. तिथून ती निळ्या टोपीचा शिपाई उचलायचा आणि दारापर्यंत आणायचा. आज शिपाई नव्हता, किल्ली आपणच न्यायची होती. हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. फाटकावरच्या हवालदारालाही काही खटकलं नव्हतं.

"दोन सरकारांचा पगार खाणारी दोन शहाणी माणसं," काका म्हणाले, "आणि दोघांची अक्कल ट्रेमध्ये."

"कॅप्टनला खूण करू या?"

"त्यानं एक पाऊल टाकलं तरी संपलं. मी पटकन जाऊन घेऊन येतो."

"एकट्यानं मागं फिरायचं नाही, काका. आणि पटकन म्हणजे, या गुडघ्यांनी?"

"गुडघ्यांचं काढू नका हो."

गच्चीवर हालचाल सुरू झाली होती. आम्ही दाराशी उभे होतो आणि दार उघडत नव्हतं. लांबून ते कसं दिसत असेल, कोण जाणे. मी प्रयोगशाळेत करते तसाच विचार करायचा प्रयत्न केला. काय चालत नाही? एकानं फिरणं चालत नाही. एकानं थांबणं चालत नाही. दोघांनी मिळून चालणं कुठंच निषिद्ध नव्हतं, आणि कुठल्या दिशेला चालायचं ते कुणी लिहिलंच नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

"काका, आपण दोघं जाऊ या. आधी तुमच्या फाटकाशी, मग माझ्या."

त्यांनी मान वर करून पाहिलं. "गच्चीवरची पोरं नवीन आहेत हो बाई. भित्री आहेत. भित्र्या माणसाच्या हातात बंदूक म्हणजे…"

"मग तुम्ही पुढं चला, मी मागून येते."

"मागून नाही. शेजारी चला."

आम्ही निघालो. तो डोंगर मी जन्मापासून पाहत आले होते, पण त्याच्या दिशेनं इतकी कधी चालले नव्हते. एक बंदूक वर आली. काका ओरडले, "अरे, किल्ली विसरलोय! बंदुका कसल्या उचलता, ट्रे उचला!"

फाटकावरचा पोरगेला पहारेकरी माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, या कोण?"

"माझ्याबरोबर आहेत," काका म्हणाले. इतकंच.

त्या मुलाला माझं काय करावं ते कळेना. शेवटी त्यानं विचारलं, "पाणी घेता?" मी हो म्हणाले. ते झऱ्याचं पाणी होतं, गार आणि चव नसलेलं, जसं असायला हवं तसं.

मग उलटं, सगळा पट्टा ओलांडून माझ्या फाटकाशी. आता बोलायची पाळी माझी होती.

"ताई, हे काय?" आमचा हवालदार पुढं झाला. "ह्यांना कशाला आणलंत इथपर्यंत?"

"माझ्याबरोबर आहेत." आवाज बारीक निघाला. मी पुन्हा म्हणाले, "माझ्याबरोबर आहेत ते."

"वर विचारावं लागेल."

"विचारा ना. फक्त किल्ली आधी द्या. वरून उत्तर येईपर्यंत माझी भाची शाळेत जायला लागेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि ट्रे पुढं सरकवला.

दोन्ही कुलपं निघाली. काकांनी चाक फिरवलं. पाइपातून आधी हवेचा खोकला आला, मग पाण्याचा भरीव आवाज. मी नमुना घेतला, त्यात नायट्रेट तपासायची पट्टी बुडवली. रंग जवळजवळ चढलाच नाही. मी ती खिडकीशी धरून पुन्हा पाहिली.

"ठीक?"

"ठीक."

"मग डोळे का पुसताय?"

"क्लोरीनचा वास आहे."

"असेल, असेल," काका म्हणाले. इथं आम्ही क्लोरीन कधीच घालत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

दाराला पुन्हा कुलपं लागली, आणि मग खरी अडचण समोर आली. येताना माणसाला समोरचं दिसतं. जाताना दुसऱ्याच्या बंदुकांकडे पाठ असते, आणि आता पाठीमागून चालणारं कुणी नव्हतं.

"मी सोडतो तुम्हाला फाटकापर्यंत," काका म्हणाले.

"म्हणजे परतताना तुम्ही एकटे. मीच सोडते तुम्हाला."

"मग तुम्ही एकट्या."

कितीही फेऱ्या मारल्या तरी शेवटी कुणीतरी एकटं राहत होतं. हे गणित सुटणारं नव्हतं.

"असं करू," काका म्हणाले. "बोलत राहू. मोठ्यानं. आवाज येतोय तोवर मला कळेल, तुम्ही नीट चाललाय."

आम्ही पाठीला पाठ करून निघालो.

"बाळ कसं आहे?" मागून आवाज आला.

"झोपत नाही!"

"थोपटायचं!"

"पाठीवर की पोटावर?"

"काय?"

"पाठीवर! की पोटावर!"

"पाठीवर! हळू! घाई करायची नाही!"

दोन्ही गच्च्यांना हे ऐकू जात होतं. आमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "खांद्यावर घ्या म्हणावं, ताई! आमचं खांद्यावरच झोपायचं!" पलीकडून कुणी हसल्यासारखं वाटलं. काका पुढं काहीतरी म्हणाले, ते अंतरामुळे विरलं. मी "हो" म्हणून ओरडले. मग पुन्हा एकदा "हो". उत्तर आलं नाही.

मी फाटकाशी पोचले. वळून बघायची हिंमत होईना. हवालदार कट्ट्यावर चढून, डोळ्यांवर हात धरून माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

"अजून चालतायत," तो म्हणाला. "गुडघा धरलाय. थांबले. नाही, चालले." तो टाचा उंचावून बघत राहिला. गच्चीवरचे दोघंही कठड्यावरून वाकून तिकडेच बघत होते.

"पोचले, ताई," तो म्हणाला. "आत गेले."