बिनघुंगरांची रांग

लग्न, मुलगा आणि खराडीचं ऑफिस यांत माझं कथक सुटलं ते सुटलंच. मुलगा कॉलेजला गेल्यावर मी पुन्हा जुन्या क्लासला नाव घातलं आणि पहिल्याच संध्याकाळी माझी चांगली करमणूक झाली. आनंदीबाई शिकवायच्या तेव्हा तिथे शहाबादी फरशी आणि कुरकुरणारा एक पंखा होता. आता क्लास त्यांची शिष्या निशा चालवते. भिंतभर आरसे, गुळगुळीत लाकडी जमीन, आणि प्रत्येकीजवळ बादलीएवढी पाण्याची बाटली. नाचायला आल्या होत्या की वाळवंट ओलांडायला, कोण जाणे.

बाईंचा एक नियम होता. खंड पडून परत येणाऱ्याने पहिले काही आठवडे घुंगरू घरी ठेवायचे, मागच्या रांगेत उभं राहायचं आणि संथ लयीत नुसता तत्कार, म्हणजे पायांचं काम, करायचं. डोक्याला सगळं आठवत असतं, पायांना नाही, आणि तिथेच माणूस पाय मोडून घेतो, असं त्या म्हणायच्या.

त्या रांगेत सध्या ऋषी होता. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत नोकरी, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन परत आलेला. तास सुरू व्हायच्या आधी हा भिंतीला धरून, बालवाडीतली मुलं अक्षरं गिरवतात तसे घोटे गोल गोल फिरवायचा. मग टाचा वर, टाचा खाली. निशाने अजून परवानगी दिली नाही म्हणून घुंगरांना हात लावायचा नाही. इतका आज्ञाधारक पुरुष मी आमच्या घरात कधी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर मला आवडलाही नसता.

मला मात्र निशाने मागे जा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? ती शेंबडी होती तेव्हा तिला घुंगरू बांधायला मीच शिकवलं होतं. मी पिशवीतून माझे जुने घुंगरू काढले, बांधले आणि थेट पुढे जाऊन उभी राहिले. ती नुसती हसली. मला ते योग्यच वाटलं.

मला एकच गोष्ट हवी होती. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला बाई येणार होत्या. नव्वदीला टेकलेल्या, मुलीकडे नाशिकला राहणाऱ्या. पुन्हा पुण्याला येतील याचा भरवसा नव्हता. त्यांच्यासमोर एकदा पहिल्या रांगेत नाचायचं होतं.

आणि जमत होतं की! द्रुत लयसुद्धा मला दमवत नव्हती. सकाळी पलंगावरून उतरताना डावी टाच टेकवत नसे, पण ते चपलेमुळे असणार. नवऱ्याने डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा मी त्याला म्हटलं, दोन जिने चढून धापा टाकणाऱ्याने नाचाबद्दल बोलू नये. वॉर्म-अप ही नाचता न येणाऱ्यांनी शोधलेली वेळ काढायची सोय आहे, असं माझं स्पष्ट मत झालं होतं.

एका गुरुवारी ऑफिसातून लवकर सुटले आणि कधी नव्हे ती तासाच्या बऱ्याच आधी क्लासला पोचले. मुली आधीच सरावाला लागल्या होत्या. जिन्यातच आमच्या नाचातला तुकडा ऐकू आला, पण लय इतकी चढी की मी कठडा धरून थांबले. ती लय माझ्या ओळखीचीच नव्हती. मी दारात आले. निशाला मी आरशात दिसले. साथीचा लेहरा तिच्या मोबाइलवर वाजत होता. तिने अंगठ्याने पडद्यावर काहीतरी खाली ओढलं आणि लेहरा मंदावला. सगळ्या मुली लगेच त्या मंद लयीत आल्या. एकीनेही वळून पाहिलं नाही, म्हणजे हे रोजचंच होतं.

"माझ्यासाठी लय उतरवतेस?" मी विचारलं.

"तनुजाताई, तुम्हाला मागे उभ्या राहा म्हणायची माझी छाती झाली नाही," निशा म्हणाली. "आणि खऱ्या लयीत घेतलं असतं तर तुमचा पाय गेला असता."

मला भयंकर राग आला. ज्या बाटलीवाल्यांना मी इतके दिवस हसत होते, त्या माझी कीव करून हळू नाचत होत्या. बाईंसमोरही सगळा वर्ग माझ्यापायी असाच रखडला असता. मी खाली बसले, हट्टाने घुंगरू बांधले आणि लगेच सोडायला लागले, पण घोटा सुजला होता, गाठ सुटेना. ऋषीने येऊन ती सोडली. मग मागच्या रांगेत मला जागा करून देत म्हणाला, आधी डावा घोटा, सावकाश. त्याच्या शांतपणाचाही मला राग आला, पण मी घोटा फिरवला.

गुरुपौर्णिमेला मुली खऱ्या लयीत नाचल्या. बऱ्या नाचल्या, त्यापेक्षा जास्त मी म्हणणार नाही. मी प्रेक्षकांत होते. नंतर बाईंच्या पाया पडायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, तू का नाही नाचलीस?

"बिनघुंगरांच्या रांगेत आहे, बाई."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "डावी टाच ना? ती तेव्हाही कच्चीच पडायची तुझी."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"ऐकून घ्यायला मागे कधी उभी होतीस तू?"

मी पुन्हा वाकले, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. डावी टाच दुखत होती.