बिनवासाचं पिंप

"ब्लीचिंग पावडरचा डबा परत रिकामा! फरशीपुरती चिमूटभर ठेवतील तर शपथ," सासूबाई मोरीत पुटपुटल्या. सुनेने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून बादली उचलली. या घरात ही कला सगळ्यांनाच अवगत होती.

गेल्या वर्षी कॉफीच्या मळ्यातून रासायनिक खत गेलं आणि त्याच्या जागी मुळांना पोसणारे जिवाणू आले. सासऱ्यांनी स्वतः आणले, पुडीतून. पिंपात गुळाच्या पाण्यात मुरवून रोपांच्या मुळाशी ओतायचे. पुडीवाल्याने बजावलं होतं, आंबूस वास सुटला, फेस धरला, की ते वाढले समजा. पण सासरे पडले टापटिपीचे. जिवाणू झाले म्हणून काय घाणीत राहायचं? दर वेळी पिंप ब्लीचिंगने घासायचं, वर पाण्यातही मूठभर, बाहेरचे रोगट जंतू नकोत म्हणून.

पिंपाला ना वास, ना फेस. "बघा, कसं आरशासारखं!" म्हणत ते पाहुण्यांना झाकण उघडून हुंगायला लावायचे. पाहुणे हुंगून माना डोलवायचे. फुकटची कॉफी प्यायची तर एवढं करावंच लागतं.

रोपवाटिका सुनेची. बी निवडण्यापासून पिशव्या भरण्यापर्यंत सगळं तिचं. रोपं पिवळी पडू लागली तेव्हा तिने एकदा धीर केला होता, "बाबा, ते ब्लीचिंग जरा..."

"जरा कमी पडतंय ना? मलाही वाटलंच. वाढवतो."

आज नाश्त्याला त्यांनी निकाल दिला. "हिच्या हाताला गुण नाही. रोपं उपटून टाकू. वाटिका पुतण्या बघेल, हिने बिया वाळवाव्यात."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपात फुंकर मारत होता. कॉफी केव्हाच गार झालेली.

सासरे तरातरा वाटिकेत निघाले, मागोमाग सगळे. त्यांनी पहिलं रोप उपटलं. मुळं उंदराच्या शेपटीसारखी, बोडकी. "बघा! मुळातसुद्धा जीव नाही." दुसऱ्याला हात घालणार तोच सुनेने पिशवी छातीशी धरली. नवऱ्याने घसा खाकरला, आणि तेवढंच केलं.

सासूबाईंनी रिकामा डबा सासऱ्यांच्या पायाशी आपटला.

"जीव असणार कुठून? तिच्या हाताला कसली नावं ठेवता? अहो, ते जिवाणू तुम्ही मारता. दर वेळी, न्हाऊमाखू घालून."