गडगा कुणाचा

बनाबाईनं लुगडं वर खोचलं आणि ढासळलेल्या गडग्यातला पहिला दगड उचलून बाजूला ठेवला. रात्री जंगलातून गव्यांचा कळप उतरला होता. तिची नाचणी तुडवत, या दगडी गडग्याला खिंडार पाडून तो पलीकडच्या उसात शिरला होता. गगनबावड्याच्या अंगाला हे नवं नव्हतं. पण ऊस या वेळी केरबाचा होता.

केरबा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तो भावकीतली माणसं घेऊनच आला.

"वैनी, गडगा तुमच्या हद्दीत हाय. कायद्यानं तुम्हीच नीट ठेवायचा. तुम्ही बघितलं न्हाईसा, म्हणून माझा ऊस गेला."

बनाबाईनं हाताची माती झटकली. याच गडग्यापायी केरबा तिच्या नवऱ्याशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला होता. गडगा ज्याचा, त्याचीच त्याखालची पट्टी आणि तिच्यातला फणस; आणि गडगा आपलाच, असं दोघंही म्हणत. नवरा गेला, तोवर निकाल लागला नव्हता. पुढं तारखांना कुणी गेलंच नाही.

"गडगा माझा म्हणतासा?" तिनं विचारलं.

"व्हय की."

"मग उद्या पंचनाम्याला तलाठी येतील, त्यांच्याम्होरंबी सांगा."

"सांगतो की. भितो काय कुणाला?"

दिवसभर ती एकटीच दगड लावत राहिली. बूड रुंद, वर निमुळता. दगड कसा बसवायचा, हे हातांना ठाऊक होतं. संध्याकाळी केरबा वैरण घेऊन जाताना थबकला. ती फणसाच्या बुंध्याभोवतीचं रान साफ करत होती, आपल्याच परड्यात असल्यासारखी. केरबा बराच वेळ बघत राहिला. मग वैरणीचा भारा सावरून चालू लागला.

सकाळी तलाठी आले. अजून अर्धं उरलेलं खिंडार बघून म्हणाले, "गडगा ज्याच्या हद्दीत, दुरुस्ती त्याची. सामायिक असला तर दोघांची. कुणाचा आहे हा?"

भावकीतली माणसं केरबाकडं बघू लागली. केरबा पायातल्या वहाणेकडं बघत होता. शब्द फिरवणं सोपं होतं. फणसाकडं एकदा त्याची नजर गेलीही.

"वैनींचा हाय," तो म्हणाला. आवाज कालच्यासारखा चढा नव्हता. "काल बोललोय मी. वैनींचाच."

बनाबाईच्या हातात दगड होता. तो तिनं सावकाश जाग्यावर बसवला, हलवून बघितला. हे एवढं एक वाक्य ऐकायला तिचा नवरा जन्मभर तालुक्याला खेटे घालत होता.

"सामायिक हाय, साहेब," ती म्हणाली. "दोघांचा. तसंच लिवा."

केरबानं चमकून वर बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पुढचा दगड हेरत होती.

"भावजी, बुडातलं मोठं धोंडं तुम्ही घ्या," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत कमरंएवढा तरी उठला पायजे."