सतरा नावांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझं नाव मात्र विचारू नका, मित्रांनो. मध्यंतरी ते दर चार दिवसांनी बदलायचं आणि त्यात माझा काहीएक दोष नव्हता.

जन्मलो तेव्हा मी साधा होतो. कारखान्यात एका यंत्राने मला वाकवलं, दुसऱ्याने तळ बसवला, तिसऱ्याने झाकण दाबलं आणि मी दुकानात गेलो. तिथून मला आजोबांनी घरी आणलं. तेव्हा ते आजोबा नव्हते, पाट्या रंगवणारे पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे वाहने लावू नयेत'सुद्धा. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि पोटावर लाल रंगात 'साखर' असं लिहिलं, मागे काळी सावली देऊन. ते अक्षर इतकं देखणं होतं की पाहुणे चहा पिता पिता माझ्याकडेच बघत बसायचे. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे डॉक्टरांनी आजोबांची साखर बंद केली. मग माझ्यात सुतळी आली, सुट्टी बटणं आली आणि कुठल्या कुलपाच्या आहेत हे कोणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या आल्या. पोटावर 'साखर' आणि पोटात किल्ल्या! अशी सात वर्षं काढली. कोणी साधी धूळसुद्धा पुसली नाही.

मग एकदा कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याला मुंग्या लागल्या. आजोबांची लेक, म्हणजे या घरातली आई, इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला आहे. तिला सकाळी साडेसातला निघायचं असतं. तिने घाईघाईत मला घासलं आणि सगळे कॉर्नफ्लेक्स माझ्यात ओतले. मला वाटलं, चला, दिवस पालटले. कसले पालटतात!

त्याच सुमारास आजोबांनी जेवणखाण सोडलं होतं. त्यांचा हात थरथरायला लागला होता. एका शिंप्याच्या दुकानावर 'शिलाई' लिहिताना वेलांटी थरथरत थेट शेजारच्या अक्षरात घुसली. शिंपी भला माणूस, तोंडावर काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने छापलेला फ्लेक्स लावला. आजोबांनी ब्रश सुतळीने बांधून कपाटावर टाकले. तेव्हापासून काहीही पुढे ठेवलं तरी एकच उत्तर, "भूक नाही." डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी दोन किलो उतरले, तर भरती करावं लागेल. मग नळीने भरवायचं." घरी आल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या तिने हे फोनवर कोणाला तरी हळू आवाजात सांगितलं. मी फळीवरून सगळं ऐकत होतो.

हे आणखी एकीने ऐकलं होतं. आजोबांची नात, वय वर्षं नऊ. एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिने कागद कापला, कणकेची खळ केली आणि माझ्या देखण्या 'साखर'वर थपकन चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, 'ढगांचा कुरकुरित चूरा'. आत तेच कॉर्नफ्लेक्स. मला इतका संताप आला की झाकण असतं सैल, तर आपटलंच असतं.

आजोबा पाणी प्यायला आले आणि थबकले. "कुरकुरीत. दुसरी वेलांटी. आणि चुरा, पहिला उकार. कोणी लिहिलंय हे?"

"मी," भिंगरी म्हणाली. "कुठे चुकलं? नीट दाखवा ना."

आजोबा खुर्ची ओढून बसले. शाळेत हल्ली काय शिकवतात, आमच्या वेळी एक काना चुकला तर पाटी पुसायला लावायचे, वगैरे वगैरे सुरू झालं. भिंगरीने पुढे वाडगा सरकवला आणि दूध घातलं. बोलता बोलता त्यांनी चमचा उचलला आणि बोलणं संपेपर्यंत वाडगा रिकामा झाला.

झालं, मग काय विचारता! चार दिवसांनी 'सुर्याची सालपटं'. मग 'हत्तिच्या शिंकेचे दाणे'. मग 'विज कडाडणारे गोळे'. प्रत्येक वेळी नवा कागद, नवी खळ, आणि माझ्या अंगावर थरावर थर. खळीच्या वासाने मुंग्या परत आल्या. मी अजून साधा डबाच होतो, पण जाडी उशीएवढी झाली. आजोबा रोज चिडायचे आणि रोज खायचे. काट्यावर किलोभर वजन चढलं.

आता एक गुपित सांगतो. भिंगरीला शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळतात. पहिल्या कागदावरच्या चुका घाईतल्या, खऱ्या होत्या. त्यानंतर मात्र ती आधी रद्दीवर बरोबर शब्द लिहून बघायची, मग त्यातली वेलांटी फिरवून माझ्यावर चुकीचा लिहायची. एवढे कष्ट आणि ते माझ्या अंगावर!

एके दिवशी ते रद्दीचे कागद आईच्या हाती लागले. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. "तुला येतंय, आणि मुद्दाम चुकतेस? परीक्षेत तेच हातातून उतरेल, कळतंय का?" भिंगरी कागद गोळा करायला लागली. खरं कारण सांगणार कसं? आजोबा शेजारच्या खोलीत होते. पण आईचा आवाज तिथवर गेलाच. उरलेलं आजोबांनी ओळखलं.

सतरावं लेबल लागलं, 'चांदण्यांचे खुसखुशीत मणी'. एकही चूक नाही. आजोबांनी ते वाचलं आणि वाडगा दूर सारला. "मला लहान मुलासारखं भरवत होतीस होय?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आईने दोनदा समजूत काढली. मला माझ्या रागाची लाज वाटली, खरंच सांगतो. असला तर असू दे खळीचा चिकटा, पण यांनी खावं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनेही आपला वाडगा दूर सरकवला. "मलाही भूक नाही," म्हणाली आणि दप्तर घेऊन दाराशी पायरीवर जाऊन बसली.

आजोबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग स्टूल ओढून त्यावर चढले. कपाटावरचे ब्रश काढले. लाल रंगावर साय धरली होती, ती काडीने बाजूला केली. मला पुढ्यात घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि माझ्या झाकणावर लिहायला लागले. हात थरथरत होता. ब्रशाचे केस मला गुदगुल्या करत होते, पण मी जरासुद्धा हललो नाही.

"भिंगरे, जरा इकडे ये. बघ बरं जमलंय का."

ती आली आणि तिने वाचलं, 'आजोबांचा खास चूरा'. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आजोबा, पहिला उकार."

"कुठे? मला नाही दिसत. बसून नीट दाखव."

ती बसली. आजोबांनी दोन वाडगे भरले, आधी तिचा, मग स्वतःचा. आई पिशवी खांद्याला लावून निघालीच होती. तिने झाकण वाचलं आणि पिशवी खाली ठेवून तिसरा वाडगा घेतला. त्या दिवशी ती कामावर उशिरा पोहोचली.

तर मित्रांनो, डब्यांना जपा. कागद चिकटवलाच, तर कोमट पाण्यात भिजवून काढा, सुरीने खरवडू नका. माझे सतराही कागद निघाले आणि खाली 'साखर' अजून तशीच आहे. झाकणावरची अक्षरं मात्र सगळी वाकडी आहेत. आ थरथरलाय, ज थरथरलाय, ख तर ओळखूसुद्धा येत नाही. फक्त 'चू'चा तो चुकीचा दुसरा उकार सरळ आहे, शिंप्याच्या पाटीआधी आजोबा काढायचे तसा. जन्मभर मला अशुद्ध नावाने मिरवायचंय आणि लोक हसणार आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी हात जोडून सांगतो, तेवढी एक चूक कोणी सुधारू नका.