मनगटावरचा शिक्का

त्याला सगळे कडी म्हणायचे. गाण्याच्या हॉलच्या दारात उभा राहणारा माणूस, आणि एकदा लागला की उघडायचं नाव नाही, म्हणून कडी. सख्खा सासरा एकदा ओळखपत्राचं कार्ड घरी विसरून आला, तर कडीने त्याला वाकून नमस्कार केला आणि आल्या पावली परत पाठवला. बायको आठ दिवस बोलली नाही. पण नियम म्हणजे नियम, आणि कडीला त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोला.

हे काम त्याला त्याच दारावर आधीपासून असलेल्या उस्तादांनी शिकवलं. आधी चेहरा बघ, मग फोटो, मग जन्मतारीख, मग मनगटावर शिक्का मार. शाई अशी चिवट की साबणाने घासा नाहीतर दगडाने, दोन दिवस हलायची नाही. उस्ताद आणखी एक सांगायचे, की आत जाताना कार्ड कुणीही विचारतो, बाहेर पडताना विचारणारा भेटू नये. कडीला वाटायचं, म्हाताऱ्याची आपली काहीतरी गंमत. मग तीन वर्षांपूर्वी एका रविवारी उस्ताद खुर्च्या तपासायला आत गेले ते पुन्हा दिसलेच नाहीत. मागच्या दाराने निघून गेले असतील, या वयात डोकं फिरतं माणसाचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि विषय मिटवला. मागच्या दाराला त्या दिवशी कुलूप होतं. कडीला ते ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

असाच एक रविवार, दुपारचा कार्यक्रम, आणि अठराच्या खाली प्रवेश नाही. कडीच्या लेकीला बुधवारीच अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे बाईसाहेब मैत्रिणींचा घोळका घेऊन पहिल्यांदाच बापाच्या हॉलवर आल्या. नंबर आला तशी ती हसत पुढे निघाली. कडीने हात आडवा घातला आणि कार्ड मागितलं.

"बाबा, मी आहे."

"रांगेत कुणी कुणाचा बाबा नसतो," कडी म्हणाला.

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. पोरीने कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं, शिक्का मारून घेतला आणि मागे न बघता आत गेली. रागाच्या बाबतीत ती थेट बापावर गेली होती. एकदा रुसली की दोन दिवस घरात नुसती आदळआपट. कडीला मनातून वाईट वाटलं. सुटल्यावर हिला काहीतरी थंड पाजू, असं त्याने ठरवून टाकलं.

साडेसहाला कार्यक्रम सुटला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. एरवी बायकांच्या पर्स तपासणारी मावशी आता दाराच्या बाहेरच्या बाजूला स्टूल टाकून बसली आणि हातातलं मोजणीचं यंत्र दाबायला लागली, माणशी एक खट्ट. आत जाणाऱ्यांची मोजणी कडीकडे, बाहेर येणाऱ्यांची मावशीकडे. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.

मैत्रिणी पुढे निघून गेल्या. लेक सगळ्यात शेवटी आली, आणि हसत आली. मस्त झालं बाबा, म्हणाली, आणि त्याने काही विचारायच्या आत कार्ड त्याच्यासमोर धरलं. चेहरा तोच, फोटो तोच, तारीख तीच. मावशीने आकडा वाचला. आत चारशे बारा, बाहेर चारशे बारा. आज वेळेत घरी जायला मिळणार म्हणून मावशी खूश झाली.

कडी मात्र कार्ड धरलेल्या हाताकडे बघत होता. मनगट कोरं होतं. दुसरं पाहिलं, तेही कोरं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ही मुलगी त्याच्या दारातून आत गेलेलीच नव्हती. तोवर ती वळून घराच्या रस्त्याला लागलीसुद्धा. तिच्या मागे धावावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण आकडा जुळत होता. म्हणजे आत गेलेलं कुणीतरी आतच राहिलं होतं. कुलूप लावू नकोस, एवढं मावशीला सांगून तो आत पळाला.

बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. आतल्या दारात उस्ताद उभे होते. तोच निळा शर्ट, हातात टॉर्च. गळ्यात पट्टा होता, पण पट्ट्याला कार्ड नव्हतं. त्यांच्या मागे, पहिल्या रांगेत, लेक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या मनगटावर शिक्का होता.

रडत रडत तिने सांगितलं ते एवढंच, की अंधारात शेजारची मुलगी म्हणाली, तुझा फोटो कसा आलाय बघू, आणि हिने कार्ड दिलं. तिचा चेहरा काही हिला दिसला नाही. आता हे आजोबा बाहेर सोडत नाहीत.

कडीने उस्तादांचे पाय धरले. लहान आहे, चुकली, माझी पोर आहे, असं काय काय बोलला.

"रांगेत कुणी कुणाचा बाबा नसतो," उस्ताद म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यांना वाईटच वाटत होतं. "कार्ड दाखवायचं आणि जायचं. एक कार्ड, एक माणूस."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? कडी उठला, स्वतःच्या गळ्यातलं कार्ड काढून लेकीच्या गळ्यात घातलं. उस्तादांनी टॉर्च मारला, शिकवला होता तसाच, आधी चेहऱ्यावर, मग फोटोवर. बराच वेळ बघत राहिले.

"चेहरा जुळत नाही."

"आडनाव जुळतंय, उस्ताद. आणि नाक बघा, माझंच आहे."

उस्तादांनी टॉर्च विझवला आणि बाजूला झाले.

लेक त्याची बाही सोडेना. कडीने तिची बोटं एकेक करून सोडवली.

"पळत घरी जा. ती आधी पोचली असेल. आईला तोंड दाखवून उपयोग नाही, मनगट दाखव."

"आणि तू?"

येतो मागून, असं तो म्हणाला. त्या दारात तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता. तिचे बूट बोळातून धावत गेले, दार उघडलं, आणि बाहेर खट्ट झालं. चारशे तेरा. मावशी ओरडायला लागली, की एक माणूस जास्त कसा काय आला, बाहेर ये आणि बघ.

कडी दोन पावलं पुढे झाला. उस्तादांनी हात आडवा घातला.